मेल क्लाउडवर नेल्यावर काढून टाकलेले फोल्डर परत का उगवतात, आणि ते कसे घालवायचे

शुक्रवारी सकाळी साडेनऊला भोसरीहून फोन आला. पर्चेसच्या मॅडम होत्या. "सर, मेल सगळे आलेत, काही अडचण नाही. पण त्या बंद पडलेल्या व्हेंडरचा फोल्डर मी कधीच काढून टाकला होता. तो परत कुठून आला? आणि एक ट्रॅश, एक डिलीटेड आयटम्स, असे दोन-दोन फोल्डर का दिसतायत?"

हा फोन मला जवळपास प्रत्येक स्थलांतरानंतर येतो. कंपनी बदलते, बोलणारा माणूस बदलतो, प्रश्न तोच असतो. भोसरी-चाकणचे कारखाने, पेठांमधली सीए ऑफिसं, कोथरूडमधली एखादी डिझाइन फर्म, अशा ठिकाणचे जुने मेल सर्व्हर क्लाउडवर नेण्याचं काम मी करतो. बहुतेक ठिकाणी साचा ठरलेला असतो. लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेल साठवून लोकांना दाखवणारा), दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी बसवून दिलेला, यूपीएसच्या शेजारी धूळ खात पण इमानाने चालत असलेला. जायचं असतं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, आणि प्रत करायला मी बहुधा आयमॅपसिंक हा प्रोग्रॅम वापरतो. आयमॅप म्हणजे सर्व्हरवरचे मेल बघायची-हाताळायची ठरलेली रीत. खाली लिहिलेलं सगळं या जोडीबद्दल आहे. तुम्ही दुसऱ्या कुठल्या क्लाउडवर जात असाल तर नावं बदलतील, निदानाची रीत बदलणार नाही.

सुरुवातीलाच एक विनंती. नको असलेला फोल्डर दिसला की हात लगेच डिलीटकडे जातो. तो आवरा. आपण सगळ्याला "डिलीट केलं" म्हणतो, पण मेल सर्व्हरला त्याचे चार-पाच वेगळे अर्थ माहीत असतात. फोल्डर जुन्या सर्व्हरवर कुठल्या अर्थाने काढला गेला होता हे कळलं, तरच क्लाउडवर तो कसा घालवायचा हे कळतं. नाहीतर आज पुसलेला फोल्डर उद्या रात्रीच्या सिंकमध्ये पुन्हा हजर होतो, आणि तेव्हा लोकांचा आपल्यावरचा विश्वास जातो.

आधी वेबवर बघा

युजरने दाखवलेल्या स्क्रीनवर निदान करू नका. डेस्कटॉपवरचं आउटलुक मेलची स्थानिक प्रत ठेवतं, आणि ती प्रत कधी कधी मागे राहते. फोनवर अजून जुन्याच सर्व्हरचं खातं चालू असतं. म्हणून त्याच माणसाला ब्राउझरमध्ये आउटलुक उघडायला सांगा. वेबवर फोल्डर दिसत नसेल आणि डेस्कटॉपवर दिसत असेल, तर क्लाउडवर काहीही बिघडलेलं नाही. आउटलुकचं नवं प्रोफाइल करा, विषय संपला. माझ्याकडच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

वेबवरही दिसत असेल, तर दोन याद्या काढा. जुन्या सर्व्हरवर डव्हअ‍ॅडमची "मेलबॉक्स लिस्ट" ही आज्ञा त्या युजरच्या नावाने चालवा (डव्हकॉट सांभाळण्यासाठी त्याच्यासोबतच येणारं हे साधन). क्लाउडच्या बाजूला पॉवरशेलमध्ये (मायक्रोसॉफ्टचं आज्ञा टाइप करून काम करायचं साधन) गेट-मेलबॉक्सफोल्डरस्टॅटिस्टिक्स चालवून फोल्डरचा मार्ग, प्रकार आणि त्यातल्या मेलची संख्या घ्या. दोन्ही एक्सेलमध्ये शेजारी ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर तुम्ही अंदाजावर चालत नाही. फोल्डर दोन्हीकडे आहे, फक्त क्लाउडवर आहे, की क्लाउडवर आहे पण रिकामा आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

यादी काढताना सर्व्हरच्या डिस्कवर थेट डिरेक्टरी बघून ठरवायचा मोह टाळा. आयमॅपमध्ये इंग्रजीबाहेरची फोल्डर-नावं एका सुधारित युटीएफ-७ पद्धतीने साठवली जातात. त्यामुळे कुणी "दिवाळी भेटी" नावाचा फोल्डर केला असेल, तर जुन्या डिस्कवर तो & या चिन्हाने सुरू होणारी रोमन अक्षरांची निरर्थक रांग म्हणून दिसतो. एका ठिकाणी आधीच्या माणसाने असे फोल्डर "करप्ट" समजून उडवले होते. ते त्या ऑफिसातल्या अकाउंटंट काकांनी वर्षानुवर्षं मराठीत नावं देऊन लावलेले फोल्डर होते. डव्हअ‍ॅडम नावं नीट उलगडून दाखवतो, त्याच्यावरच विसंबा.

दोन ट्रॅश आणि त्यांच्या पोटातले फोल्डर

मॅडमची तक्रार ही होती, आणि सगळ्यांत जास्त वेळा आढळणारं कारणही हेच.

थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही फोल्डर काढता तेव्हा तो नष्ट होत नाही, तो ट्रॅशच्या आत उपफोल्डर बनून बसतो. ट्रॅश कधी रिकामा केलाच नाही, तर २०१७ मध्ये काढलेला फोल्डर आजही तिथे असतो. रोज ट्रॅश उघडून कोण बघतं? म्हणून तो "गेला" असं वाटतं. प्रत करणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र तो इतर फोल्डरइतकाच खरा दिसतो.

त्यात नावांचा घोळ. डव्हकॉटवर कचऱ्याच्या फोल्डरचं नाव "ट्रॅश", एक्सचेंज ऑनलाइनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या मेल सर्व्हरवर, "डिलीटेड आयटम्स". अ‍ॅपलचा मेल "डिलीटेड मेसेजेस" असा स्वतःचा फोल्डर करतो. एका चाकणच्या कंपनीत तर एक इंजिनिअर जर्मनीत दोन वर्षं काम करून आला होता. त्याच्या लॅपटॉपवरच्या जर्मन आउटलुकने "गेलोश्टे एलेमेंटे" नावाचा आणखी एक कचरा फोल्डर सर्व्हरवर करून ठेवला होता. जर्मन कंपन्यांशी इतकं काम चालणाऱ्या आपल्या भागात हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. एकाच माणसाच्या मेलबॉक्समध्ये तीन-तीन कचरापेट्या, आणि प्रत्येकीत वेगळा कचरा.

नाव काहीही असो, "हा फोल्डर कचऱ्याचा आहे" असं सर्व्हरने जाहीर करावं यासाठी २०११ मध्ये आरएफसी ६१५४ हे इंटरनेटचं मानक आलं. डव्हकॉटमध्ये ही सोय २.१ आवृत्तीपासून आहे. पण जुन्या सर्व्हरची मांडणी (कॉन्फिगरेशन) बहुधा त्याआधीची असते, किंवा तिथून उतरवून घेतलेली असते, आणि असं जाहीर करणारी ओळ तिच्यात नसते. आधी ती मांडणी तपासा. तिच्यातल्या नेमस्पेस नावाच्या भागात ट्रॅशला "स्पेशल यूज" दिलेला नसेल तर द्या.

एवढं केलं तरी एक खाच राहते, आणि ती शोधायला मला बराच वेळ लागला. आयमॅपसिंकचा ऑटोमॅप पर्याय (दोन्हीकडच्या सारख्या कामाच्या फोल्डरची जोडी आपोआप लावणारा), किंवा एफ-वन-एफ-टू या पर्यायाने हाताने दिलेली जोडी, फक्त त्या एका फोल्डरला लागू होते. म्हणजे ट्रॅशमधले सुटे मेल नीट डिलीटेड आयटम्समध्ये जातात. पण ट्रॅशच्या आतला "व्हेंडर" हा फोल्डर जोडीत येत नाही. त्याचा मार्ग जसाच्या तसा "ट्रॅश, त्यात व्हेंडर" असाच राहतो. तो लिहिण्यासाठी क्लाउडवर ट्रॅश नावाचा फोल्डर नव्याने तयार होतो. आणि एक्सचेंजसाठी तो ट्रॅश म्हणजे साधा, सर्वसामान्य फोल्डर. त्याला कचऱ्याचे कुठलेही नियम लागत नाहीत, तो इनबॉक्सच्या बरोबरीने डाव्या बाजूला झळकत राहतो. दोन ट्रॅश का दिसतात, आणि मेलेला व्हेंडर जिवंत का होतो, या दोन्हीचं उत्तर हे.

उपाय म्हणजे रेजेक्स-ट्रान्स-टू हा पर्याय. मार्गाची सुरुवात "ट्रॅश" अशी असेल तर ती "डिलीटेड आयटम्स" अशी बदल, असा नियम त्यात दिला की उपफोल्डरही योग्य जागी जातात. कचऱ्याची जितकी नावं सापडली असतील तितके नियम द्या.

आधीच प्रत झालेली असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. नवा नियम लावून सरळ पुन्हा सिंक चालवलंत, तर मेल डिलीटेड आयटम्समध्ये दुसऱ्यांदा येतील आणि जुना ट्रॅश जिथल्या तिथे राहील. मग तो वैतागून डिलीट केलात की तो आणखी एक उपफोल्डर होऊन डिलीटेड आयटम्समध्ये जाईल, म्हणजे सगळं दुप्पट. म्हणून आधी क्लाउडवरचा चुकीचा ट्रॅश काढा, मग डिलीटेड आयटम्समधून त्याला रिकामं करा, आणि मगच नव्या नियमाने सिंक चालवा. पण त्या रिकामं करण्याआधी पुढचा भाग वाचा.

ट्रॅश म्हणजे कचरा, असं गृहीत धरू नका

भोसरीच्या त्याच कंपनीत मी त्या रात्री सगळ्यांचे ट्रॅश एकदम रिकामे करणार होतो. आज्ञा लिहून तयार होती. सहज म्हणून मॅडमना विचारलं, "ट्रॅशमधलं सगळं गेलं तर चालेल ना?" त्या जवळजवळ ओरडल्याच. त्यांचे दरपत्रकांचे आणि जुन्या ऑर्डरचे फोल्डर ट्रॅशमध्येच होते. मुद्दाम ठेवलेले, वर्षांप्रमाणे लावलेले.

कारण जुन्या सर्व्हरच्या मांडणीत सापडलं. डव्हकॉटच्या कोटा नियमात, म्हणजे मेलबॉक्सच्या जागेच्या मर्यादेत, ट्रॅशला वगळायची किंवा जादा जागा द्यायची सोय आहे. आधीच्या माणसाने ट्रॅश वगळलेला होता. युजरना एवढंच कळलं की मेलबॉक्स भरला की मेल ट्रॅशमध्ये टाकायचे, जागा मोकळी होते, आणि मेल तर तिथे दिसतातच. त्यांच्या बाजूने हे पूर्ण शहाणपणाचं होतं. तेव्हापासून मी स्थलांतराआधी कोट्याचे नियम वाचतो, आणि ट्रॅश वगळलेला दिसला की त्या ऑफिसात किमान दोघा-तिघांनी तिथे संसार मांडलेला असणार असं धरून चालतो.

विचारायचं ते थेट माणसाला विचारा, आणि फोल्डरची यादी हातात देऊन विचारा. "ट्रॅश उडवू का?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. "यात २०१६-१७ पर्चेस, २०१७-१८ पर्चेस आणि ट्रान्सपोर्ट क्लेम असे तीन फोल्डर आहेत, उडवू का?" म्हटलं की लोक थबकतात. हिशेबाशी संबंधित काही दिसलं तर सीएंनाही विचारा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि संबंधित व्हाउचर आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीत ही मुदत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने आहे. मेलमधलं बिल हे त्यात मोडतं का, हे मेलवाल्याने ठरवायचं नाही.

जे फोल्डर खरोखर हवे आहेत ते जुन्या सर्व्हरवरच ट्रॅशच्या बाहेर काढा, "जुने पर्चेस" अशा सरळ नावाखाली. हे काम पहिल्या प्रतीच्या आधी व्हायला हवं.

पहिली प्रत आणि शेवटची प्रत यांमधले दिवस

आता दुसरं मोठं कारण. यात जुन्या सर्व्हरची चूक नसते, आपल्या वेळापत्रकाची असते.

दोनशे जीबी मेल असेल आणि ऑफिसच्या लाइनला २० एमबीपीएस अपलोड मिळत असेल, तर पूर्ण वेगाने अखंड चाललं तरी बावीस तासांहून जास्त लागतात. तो वेग कधीच पूर्ण मिळत नाही, आणि दिवसा लाइन कंपनीच्या कामाला लागते. म्हणून आपण पहिली प्रत आधी सुरू करतो, ती आठवडा-दोन आठवडे चालते, आणि शेवटच्या रात्री फक्त फरक उचलतो. रीत बरोबर आहे. पण त्या दोन आठवड्यांत लोक जुन्या सर्व्हरवर काम करत असतात. फोल्डर काढतात, नाव बदलतात, एकाचा दुसऱ्यात घालतात. आयमॅपसिंक स्वतःहून पलीकडचं काही पुसत नाही, ते फक्त भर घालतं. आणि ते योग्यच आहे. त्यामुळे जुन्या सर्व्हरवर काढलेला फोल्डर क्लाउडवर पहिल्या प्रतीतला तसाच राहतो. नाव बदललेला फोल्डर दोनदा दिसतो, जुन्या नावाने एकदा, नव्या नावाने एकदा, आतले मेल तेच.

हे सगळ्यांत जास्त कधी होतं? एचआर किंवा अ‍ॅडमिनकडून "स्थलांतर होणार आहे, कृपया आपापले मेल साफ करून ठेवा" असा मेल जातो तेव्हा. लोक मनापासून शनिवारी थांबून सफाई करतात. आणि आपली पहिली प्रत तोवर होऊन गेलेली असते. त्यांनी काढलेलं सगळं सोमवारी क्लाउडवर जसंच्या तसं उभं. हे बघून एका स्टोअरच्या काकांचा चेहरा पडलेला मला आठवतो. त्यांनी चार तास घालवले होते. सफाईची सूचना पहिल्या प्रतीच्या आधी गेली पाहिजे, आणि पहिली प्रत सुरू झाल्यावर "आता फोल्डरची नावं बदलू नका, काढू नका, मेल वाचा-पाठवा तेवढं चालेल" ही दुसरी सूचना गेली पाहिजे.

तरी राहिलेच, तर दोन याद्यांमध्ये फक्त क्लाउडवर दिसणारे फोल्डर म्हणजे हेच. आयमॅपसिंकमध्ये डिलीट-टू-फोल्डर्स नावाचा पर्याय आहे, तो उगमाकडे नसलेले फोल्डर पलीकडून काढतो. तो पहिल्यांदा नेहमी ड्राय आणि जस्ट-फोल्डर्स या दोन पर्यायांसोबत चालवा. तेव्हा तो काहीही न पुसता फक्त काय पुसलं जाईल ते लिहून दाखवतो. तो लॉग वाचा, ओळ न ओळ. हवा असलेला फोल्डर त्यात दिसला, तर त्याला वगळायचा पर्यायही आहे.

इथे मी ठामपणे सांगतो. एमएक्स रेकॉर्ड (कंपनीचे मेल कुठल्या सर्व्हरवर यायचे हे सांगणारी नोंद) बदलल्यानंतर हा पर्याय वापरू नका, आणि त्याचा धाकटा भाऊ, नुसतं डिलीट-टू, त्याला तर हातही लावू नका. डिलीट-टू हा उगमाकडे नसलेले मेल पलीकडून काढतो. एमएक्स बदलल्यावर नवे मेल थेट क्लाउडवर येतात, जुन्या सर्व्हरला त्यांचा पत्ताच नसतो. म्हणजे तुम्ही "फरक जुळवायला" म्हणून चालवलेली आज्ञा कालपासून आलेले सगळे ताजे मेल पुसेल. तसंच लोकांनी क्लाउडवर नव्याने केलेले फोल्डरही उगमाकडे नाहीत, म्हणून तेही जातील. एमएक्स बदलल्यानंतरची सफाई हाताने, यादी बघून, माणसाला विचारून. वेळ लागू दे.

खूण झालेले, पण न गेलेले मेल

काही ठिकाणी फोल्डर बरोबर असतात, पण त्यांत युजरने काढून टाकलेले शेकडो मेल परत दिसतात. याचं मूळ आयमॅपच्या रीतीत आहे. आयमॅपमध्ये मेल काढणं दोन पायऱ्यांचं आहे. आधी मेलवर "डिलीटेड" अशी खूण पडते, मग एक्सपंज नावाची आज्ञा येते तेव्हा तो खरोखर जातो. जुनं आउटलुक आयमॅप खात्यात खूण केलेले मेल मधून रेघ मारलेले दाखवायचं. नंतरच्या आवृत्त्यांत ते लपवायची सोय आली. लपले की लोकांना वाटलं गेले. एक्सपंज कुणी केलाच नाही.

जुन्या सर्व्हरवर डव्हअ‍ॅडम सर्चमध्ये "डिलीटेड" हा शोधशब्द सगळ्या फोल्डरवर चालवला की असे मेल किती आहेत ते कळतं. मग दोन मार्ग. युजरला विचारून जुन्या सर्व्हरवरच एक्सपंज करा. किंवा आयमॅपसिंकच्या सर्च पर्यायात "अनडिलीटेड" द्या, म्हणजे खूण नसलेलेच मेल उचलले जातील. मला दुसरा जास्त आवडतो, कारण जुन्या सर्व्हरवर काहीच पुसलं जात नाही आणि चूक झाली तर मूळ शाबूत राहतं. फक्त आधी एकदा बघा की कुणाच्या इनबॉक्समधल्या निम्म्या मेलवर चुकून खूण पडलेली नाही ना.

रिकामे फोल्डर आणि पी.ओ.चं टिंब

क्लाउडवर "पी" नावाचा एक रिकामा फोल्डर, त्यात "ओ" नावाचा रिकामा फोल्डर, त्यात "२०१९" आणि त्यात सगळे मेल. हे बघून मीही पहिल्यांदा चक्रावलो होतो. फोल्डरचं नाव होतं "पी.ओ. २०१९", आपल्याकडे प्रत्येक पर्चेस विभागात असतं तसं. मेलडिर मांडणीत, म्हणजे डव्हकॉट डिस्कवर मेल ठेवतो त्या एका पद्धतीत, टिंब हे फोल्डरची पातळी तोडणारं चिन्ह आहे, त्यामुळे एका नावाच्या तीन पातळ्या झाल्या. वरच्या दोन पातळ्या जुन्या सर्व्हरवर प्रत्यक्षात नव्हत्याच, फक्त नावापुरत्या होत्या. आयमॅप त्यांच्यावर "निवडता न येणारा" अशी खूण करतो. एक्सचेंजला असा नावापुरता फोल्डर ठेवता येत नाही, म्हणून तो खराखुरा रिकामा फोल्डर बनवतो.

अशीच सावली आणखी एका प्रकारे उरते. पोटात उपफोल्डर असलेला फोल्डर आयमॅपवर काढला, तर मानकाप्रमाणे त्यातले मेल जातात, पण उपफोल्डर टिकावेत म्हणून त्याचं नाव उरतं. युजरच्या मते तो गेलेला असतो.

उपाय सोपा आहे. आतला भरलेला फोल्डर बाहेर ओढा, नाव नीट द्या, रिकामी कवचं काढून टाका. जुन्या सर्व्हरवर आधीच नाव बदललंत तर सगळ्यांत उत्तम. रिकामे आहेत याची खात्री स्टॅटिस्टिक्समधल्या संख्येवरून करा, फोल्डर उघडून दिसतं त्यावरून नको. वेबवर "न वाचलेले" अशी गाळणी लागलेली असली तर भरलेला फोल्डरही रिकामा दिसतो.

राखाडी नावं

जुन्याच सर्व्हरवर काही फोल्डर राखाडी दिसतात, उघडत नाहीत, आणि स्थलांतराच्या लॉगमध्ये त्यांच्या नावाने चुका येतात. या सबस्क्रिप्शनच्या यादीतल्या (युजरला कुठले फोल्डर दाखवायचे त्या यादीतल्या) मेलेल्या नोंदी आहेत. फोल्डर गेला तरी सर्व्हरने आपणहून सबस्क्रिप्शन काढायचं नाही, असं आरएफसी ३५०१ स्पष्ट सांगतं, म्हणजे डव्हकॉट नियमानेच वागतोय. मेलबॉक्स लिस्टला एस हा पर्याय दिला की फक्त सबस्क्राइब केलेले फोल्डर दिसतात. ते पूर्ण यादीशी ताडून, जे अस्तित्वात नाहीत त्यांना मेलबॉक्स अनसबस्क्राइब द्या. यात डेटा जाण्याची भीती नाही.

पुसलं, तरी लगेच जात नाही

क्लाउडवर सफाई झाली, डिलीटेड आयटम्सही रिकामा केला, आणि मालकांचा प्रश्न येतो की मग हे कुठे गेलं, परत मिळेल का. एक्सचेंज ऑनलाइनमध्ये पुसलेले मेल रिकव्हरेबल आयटम्स नावाच्या लपलेल्या भागात जातात आणि डिफॉल्टने १४ दिवस तिथे राहतात. ही मुदत ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. मी प्रत्येक स्थलांतराच्या आधी सेट-मेलबॉक्सने सगळ्यांची मुदत ३० करून ठेवतो. याचे पैसे पडत नाहीत, आणि "चुकून गेलं" हा फोन विसाव्या दिवशी आला तरी उत्तर देता येतं.

हा भाग मेलबॉक्सच्या कोट्यात धरला जात नाही, त्याचा स्वतःचा कोटा आहे, डिफॉल्टने ३० जीबी. म्हणून दुप्पट झालेला पन्नास जीबीचा ट्रॅश एका झटक्यात पुसू नका, तो कोटा भरेल. टप्प्याटप्प्याने पुसा. किती भरलंय ते त्याच गेट-मेलबॉक्सफोल्डरस्टॅटिस्टिक्सला फोल्डरस्कोप म्हणून रिकव्हरेबल आयटम्स देऊन दिसतं.

बुधवारची रात्र

आता मी काम असं लावतो. पहिला आठवडा फक्त याद्यांचा. प्रत्येक युजरचे फोल्डर, कचऱ्याची किती नावं, खूण झालेले मेल, टिंबवाली नावं, कोट्याचे नियम. ही यादी छापून माणसासमोर ठेवतो. छापलेल्या कागदावर लोक पेनाने टिक करतात, एक्सेल पाठवली तर उघडत नाहीत. मग जुन्या सर्व्हरवरच सफाई, सोबत युजरला बसवून. त्यानंतर एका मेलबॉक्सची चाचणी प्रत, बहुधा जिच्यात सगळ्यांत जास्त गुंता असेल तिची. पर्चेसच्या मॅडमचीच निवडतो. ती बरोबर उतरली की सगळ्यांची पहिली प्रत, आणि फोल्डरना हात न लावण्याची सूचना.

शेवटचा बदल बुधवारी रात्री. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे पूर्ण दिवस हातात मिळतो. फक्त त्या भागात महावितरणची देखभालही गुरुवारीच असते, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्या, किंवा सरळ जनरेटरवर घ्यायला सांगा. शेवटची फरक-प्रत, लागलाच तर ड्राय चालवून मग डिलीट-टू-फोल्डर्स, दोन याद्यांची शेवटची ताडणी, आणि त्यानंतरच एमएक्स बदल. हा क्रम उलटू नका.

आयमॅपसिंकला क्लाउडच्या बाजूला साधा पासवर्ड चालणार नाही. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने ती जुनी पद्धत बंद करायला सुरुवात केली, आता ओऑथच लागतं, म्हणजे पासवर्डऐवजी परवानगीचं टोकन. ते टोकन बुधवारी रात्री करायला बसू नका, चाचणीच्या दिवशीच करून ठेवा. जुन्या बाजूला डव्हकॉटचा मास्टर युजर करून घ्या, म्हणजे लोकांचे पासवर्ड गोळा करत हिंडावं लागत नाही.

जुना सर्व्हर लगेच पुसून विकू नका. एमएक्स बदलल्यावर आयमॅप फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा, एखादा महिना. त्याच सर्व्हरचे लॉगही जपा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि तो सर्व्हर बंद केला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. मग डिस्क काढून, लेबल लावून, मालकांच्या कपाटात. भोसरीच्या त्या डिस्कवर मॅडमनी स्वतः मार्करने लिहिलंय: "पर्चेस जुने, उडवू नये."